जुनी लक्झरी गाडी घेताय? इसार देण्याआधी तिची वीज तपासा

गाडी बघायला जाताना माणूस इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर बघतो, रंगाचे पॅच शोधतो. दहा-बारा वर्षं वापरलेल्या महागड्या गाडीत मात्र नव्या मालकाला सर्वांत जास्त दमवते ती वीज. अशा गाडीत पन्नासहून अधिक छोटे संगणक असतात. दाराला वेगळा, सीटला वेगळा, डिकीच्या झाकणाला वेगळा. ते दिवसभर एकमेकांशी बोलत असतात. एकाला वीज कमी पडली की दुसरा तक्रार करतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो तिसऱ्याचाच. नवा माणूस फसतो तो इथेच. एक तर दिव्यांची रांग बघून घाबरतो आणि चांगली गाडी सोडून देतो. नाहीतर ‘नुसता सेन्सर आहे, बदलला की झालं’ या विकणाऱ्याच्या शब्दावर जातो आणि न संपणारं दुखणं दारात आणून उभं करतो.

माझा क्रम ठरलेला आहे: आधी बॅटरी, मग अर्थिंग (म्हणजे वीज बॅटरीकडे परत येण्याची इंजिन-बॉडीतली वाट), मग पाणी. या तिघांचा निकाल लागल्यावरच स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकांनी नोंदलेले दोषांचे कोड वाचणारं यंत्र. बरेच जण गाडीपाशी पोचताच स्कॅनर जोडतात, चाळीस कोड दिसतात आणि त्यातच हरवतात. स्कॅनर सांगतो कोण रडतंय. मारलं कुणी, हे आपल्यालाच शोधावं लागतं.

सोबत डिजिटल मल्टीमीटर घ्या. डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर मिळाला तर उत्तम. तो घेताना डीसीचाच आहे ना हे बघा, कारण स्वस्तातले बरेचसे फक्त एसी, म्हणजे घरातली वीज, मोजतात आणि बॅटरीची वीज डीसी असते. त्या कंपनीच्या गाडीतले सगळे मॉड्यूल, म्हणजे ते छोटे संगणक, वाचणारा स्कॅनर, चांगली टॉर्च, टिश्यूपेपरचा गठ्ठा आणि वही-पेन. आणि घाई नसलेले दोन-तीन तास. विकणाऱ्याला तेवढा वेळ द्यायचा नसेल, तर गाडीबद्दलची पहिली माहिती तिथेच मिळाली.

निघण्याआधी एक फोन

विकणाऱ्याला स्पष्ट सांगा, ‘गाडी आदल्या रात्रीपासून उभी असू द्या, मी येईपर्यंत सुरू करू नका, चार्जरही लावू नका.’ गरम गाडी आणि ताजी चार्ज केलेली बॅटरी अर्धे दोष लपवते. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर कारण विचारा आणि उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी या.

त्याच फोनवर आणखी तीन गोष्टी विचारून घ्या: चाव्या किती आहेत, बॅटरी शेवटची कधी बदलली, आणि बाहेरून काही बसवलंय का, म्हणजे ट्रॅकर, डॅशकॅम, अॅम्प्लिफायर, अलार्म. उत्तरं वहीत लिहा, पुढे ती ताडून बघायची आहेत. गाडीला एअर सस्पेन्शन असेल, म्हणजे ती स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर उभी असेल, तर दार उघडण्याआधी चार पावलं मागे जाऊन नजर टाका. एखादा कोपरा रात्रीत खाली बसला असेल तर हवा गळतेय. हे दुखणं वरवर हवेचं वाटतं, पण गळणारी हवा भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालतो. त्याने कॉम्प्रेसरला वीज देणारा स्विच, म्हणजे रिले, चिकटतो आणि चिकटलेला रिले बॅटरी खाऊन टाकतो.

बॅटरी: चार आकडे

अशा बऱ्याच गाड्यांत बॅटरी बॉनेटखाली नसते. डिकीत किंवा सीटखाली असते आणि बॉनेटखाली फक्त जंप देण्यासाठीचे खांब असतात. मोजायला ते चालतात. दार उघडलं की मॉड्यूल जागे होतात आणि व्होल्टेज थोडं उतरतं, म्हणून बॉनेट उघडल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून मोजा.

पहिला आकडा शांत गाडीचा. १२.६ व्होल्ट म्हणजे साधी बॅटरी भरलेली. एजीएम (काचेच्या तंतूंच्या गादीत आम्ल धरून ठेवणारी महागडी बॅटरी) असेल तर १२.८ च्या आसपास हवा. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे आणि या अवस्थेत गाडी जे काही दिवे दाखवेल त्यावर विश्वास ठेवू नका.

दुसरा आकडा सेल्फ मारतानाचा. मीटर लावून ठेवा, विकणाऱ्याला गाडी सुरू करायला सांगा आणि आकडा किती खाली जातो ते बघा. ९.६ च्या खाली गेला तर बॅटरी थकलीय किंवा वाटेत कुठेतरी जोड सैल आहे. नेमकं कोणतं, ते अर्थिंगच्या पायरीत कळेल.

तिसरा, गाडी चालू असतानाचा. जुन्या पद्धतीच्या चार्जिंगमध्ये १३.८ ते १४.७ दिसायला हवेत. नव्या गाड्यांत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा भाग, संगणकाच्या हुकमावर चालतो. बॅटरी भरलेली असेल तर इंधन वाचवण्यासाठी तो मुद्दाम कमी चार्ज करतो, गाडी वेग कमी करत असताना जास्त. त्यामुळे १२.८ बघून लगेच अल्टरनेटरला नावं ठेवू नका. हेडलाइट, मागच्या काचेचा हीटर आणि ब्लोअर पूर्ण लावा. अल्टरनेटर धड असेल तर आकडा वर येतो आणि टिकतो. लोड वाढवल्यावर तो घसरतच गेला तर खरंच दोष आहे.

चौथा आकडा फार कमी लोक बघतात. गाडी चालूच ठेवून मीटर एसी व्होल्टवर करा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसली तर अल्टरनेटरमधला डायोड गेलाय. असा अल्टरनेटर वरून ठीक चार्ज करताना दिसतो, पण त्याची खरखर सगळ्या संगणकांच्या विजेत मिसळते आणि कशाचा कशाशी मेळ न लागणारे कोड पडतात. गाडी उभी असताना हाच डायोड बॅटरीतला करंट उलटा गळूही देतो.

बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर छोटा सेन्सर दिसतोय का तेही बघा. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत तो बॅटरीच्या वयाचा आणि तब्येतीचा हिशेब ठेवतो. बॅटरी बदलल्यावर गाडीला तसं स्कॅनरवरून कळवावं लागतं, म्हणजे बॅटरी रजिस्टर करावी लागते. न कळवता बदलली तर गाडी नव्या बॅटरीला जुन्यासारखं चार्ज करत राहते आणि ती लवकर मरते. एजीएमच्या जागी साधी स्वस्त बॅटरी टाकलेली दिसली तर मालकाने बाकीच्या दुरुस्त्याही तशाच केल्या असतील, असं धरून चाला.

एक सोपी खूण मीटरशिवायही दिसते. इंजिन पूर्ण तापलंय, एसी जोरात नाही, तरी सिग्नलला गाडी स्वतःहून बंद होत नसेल, म्हणजे स्टार्ट-स्टॉप काम करत नसेल, तर बहुतेक वेळा गाडीलाच आपल्या बॅटरीचा भरवसा वाटत नसतो.

अर्थिंग: स्वस्त दोष, महाग निदान

एकदा मी एका ओळखीच्या माणसासाठी गाडी बघायला गेलो. डॅशबोर्डवर एबीएस, स्टीअरिंग, गिअरबॉक्स, एअरबॅग असे दिवे एकाच वेळी पेटायचे आणि दहा मिनिटांनी जायचे. मालकाकडे गिअरबॉक्सचा कंट्रोलर बदलण्याचं कोटेशन होतं आणि त्या हिशेबाने तो किंमत उतरवायलाही तयार होता. मी मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर धरली आणि सेल्फ मारायला लावला. मीटरवर ०.९ व्होल्ट. तिथे ०.२ च्या आत काहीतरी दिसायला हवं होतं. खाली वाकून टॉर्च मारली. इंजिन आणि बॉडी जोडणारी विणलेली तांब्याची पट्टी वरून काळपट पण अखंड दिसत होती. बोटाने वाकवली तर आतून हिरवी भुकटी गळून पडली. मोजक्या तारा उरल्या होत्या आणि सगळा करंट त्यांच्यातून जायचा प्रयत्न करत होता. पट्टी बदलली, कोड पुसले. दिवे परत आले नाहीत.

म्हणून ही मोजणी कधीही टाळू नका. बॅटरी ऋण ते इंजिन आणि बॅटरी ऋण ते बॉडी, दोन्ही सेल्फ मारताना. मग बॅटरी धन ते स्टार्टरपर्यंतची केबल, हात पोचत असेल तर. तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत चालेल. नुसता ओहम मोजून उपयोग नाही. दोन तारांवर टिकलेली केबलसुद्धा मीटरवर शून्य ओहम दाखवते, कारण मीटर तिच्यातून अगदी थेंबभर करंट पाठवतो. भार पडल्यावर काय होतं ते फक्त व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे केबलच्या दोन टोकांत हरवणारं व्होल्टेज, सांगतो.

मीटर लावण्याआधीही संशय घेता येतो. इंडिकेटरच्या ठोक्याबरोबर हेडलाइट किंवा डॅशचा उजेड हलतो, ब्रेक दाबला की भलताच दिवा मिणमिणतो, काच वर करताना रेडिओत खरखर येते. अशा वेळी त्या भागाची अर्थ शोधा.

पाणी: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

लक्झरी गाडीचा खरा शत्रू पाणी आहे. कारण सोपं आहे. बनवणाऱ्यांनी केबिन सुंदर ठेवण्यासाठी मॉड्यूल नजरेआड बसवले, आणि नजरेआड म्हणजे पायाखाली, सीटखाली, डिकीच्या तळाला. पाणीही शेवटी तिथेच जातं. बेंटली कॉन्टिनेंटल जीटीमध्ये कम्फर्ट मॉड्यूल पुढच्या गालिच्याखाली असतो. बीएमडब्ल्यूच्या ५ सिरीजच्या ई६१ या इस्टेट मॉडेलमध्ये बरेच मॉड्यूल डिकीच्या तळाच्या खळग्यात असतात. जागा गाडीगणिक बदलते, तर्क तोच राहतो.

पाणी शिरतं कुठून? सनरूफच्या चौकटीला कोपऱ्यांत भोकं असतात आणि त्यांच्यातून बारीक नळ्या खांबांच्या आतून खाली जातात. सनरूफवरून पाणी आत झिरपतंच, ते या नळ्यांनी बाहेर जावं अशी ती रचना आहे. नळी धुळीने तुंबली किंवा सांध्यातून निसटली की तेच पाणी छताच्या कापडात किंवा थेट गालिच्याखाली येतं. दुसरी वाट पुढच्या काचेच्या खालची, वायपरजवळची जाळी. तिच्याखाली पाला साचतो, निचऱ्याचं भोक बुजतं, तळं होतं आणि पाणी ब्लोअरच्या वाटेने किंवा वायरिंगच्या रबरी बुचातून केबिनमध्ये येतं. काही मर्सिडीज गाड्यांत फ्यूज आणि रिले सांभाळणारा सॅम मॉड्यूल त्याच भागात बसलेला असतो. पाणी थेट त्याच्यावर. तिसरी वाट दाराच्या आतला पडदा आणि चौथी मागच्या दिव्यांचं रबर. एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी पायाशी ओल येते.

तपासताना रबरी मॅट काढा आणि टिश्यूपेपरची चौपदरी घडी गालिच्याच्या सर्वांत खोल भागावर ठेवून मुठीने दहा सेकंद पूर्ण जोर देऊन दाबा. हात लावून कोरडं वाटतंय एवढ्यावर समाधान मानू नका. या गाड्यांत गालिच्याखाली बोटभर जाड फोम असतो. वरचा थर दोन दिवसांत वाळतो, फोम महिनोन् महिने ओला राहतो. मूठ उचलल्यावर टिश्यू जड लागला, कडा पारदर्शक झाल्या, तर खाली पाणी आहे. चारही पायांच्या जागी, सीटखाली आणि डिकीच्या तळाला हेच करा. डिकीत स्पेअर चाक उचलून खळग्यात टॉर्च मारा. पाणी आता नसलं तरी त्याची वाळलेली रेषा दिसते.

आणखी खुणा आहेत. सकाळी काचा आतून धुरकट असणं. गालिचा धुऊन अत्तर मारलेला वास. सीटच्या बोल्टवर गंज. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, तळाच्या फूटभर पट्ट्यावर चिखलाची रेघ असेल तर गाडी पुरात बुडालेली आहे, तिथून सरळ निघा. ओबीडीच्या, म्हणजे स्कॅनर जोडायच्या, सॉकेटमधल्या पिना हिरव्या किंवा तांबूस झाल्या असतील तरी तोच निर्णय.

विकणाऱ्याने परवानगी दिली तर सनरूफ उघडा, पुढच्या कोपऱ्यातल्या खाचेत पेलाभर पाणी हळू ओता आणि गाडीखाली बघा. थोड्या वेळात चाकामागे किंवा दाराच्या बिजागरीजवळून धार यायला हवी. पाणी खाचेतच उभं राहिलं तर नळी तुंबलीय. खाचेतून गेलं पण बाहेर आलंच नाही, तर ते केबिनमध्ये गेलं.

ओल्या गाडीबद्दल एक लक्षात ठेवा, पाणी पुसलं म्हणजे दुखणं गेलं असं होत नाही. तारेच्या प्लॅस्टिकखालून पाणी केशाकर्षणाने पुढे सरकतं आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवा क्षार धरतं. आज सगळं चालतं, सहा महिन्यांनी एकेक मॉड्यूल गप्प होतो. फोम ओला सापडला आणि तरी गाडी हवीच असेल तर सगळा गालिचा काढणं, वाळवणं, कनेक्टर साफ करणं आणि एक-दोन मॉड्यूल बदलणं एवढा खर्च किंमतीतून वजा करून मगच बोला.

प्रत्येक बटण

आता ड्रायव्हर सीटवर बसा आणि इग्निशन चालू करा, इंजिन नको. एअरबॅग, एबीएस, चेक इंजिन हे दिवे सुरुवातीला पेटून नंतर विझले पाहिजेत. चेक इंजिन इंजिन सुरू झाल्यावर विझतो. जो दिवा पेटतच नाही त्याची जास्त काळजी करा, कारण दोष लपवायला दिवाच काढून टाकणारे लोक आहेत. एअरबॅगचा दिवा दुसऱ्या एखाद्या दिव्याबरोबर तंतोतंत लागत-विझत असेल तर तो त्याला तारेने बांधलाय असा संशय घ्या.

मग घाई न करता सगळं चालवा. चारही काचा दोन्हीकडच्या बटणांनी, सीटची प्रत्येक दिशा आणि मेमरी, स्टीअरिंगची उंची, आरशांची घडी, डिकीची मोटर, सीटचा हीटर, प्रत्येक कॅमेरा. पार्किंग सेन्सरवर कान नेलात तर चालू सेन्सरची बारीक टिकटिक ऐकू येते, मेलेला गप्प असतो. हेडलाइटच्या आत पाण्याचे थेंब आहेत का बघा. एलईडी दिव्याचा आतला भाग सुटा मिळत नाही अशा गाड्या पुष्कळ आहेत, तिथे अख्खा दिवा घ्यावा लागतो. दोन्ही चाव्यांनी गाडी उघडा, बंद करा, सुरू करा.

काच अडकली की लोक मोटरला दोष देतात. त्याआधी दार आणि खांब यांच्यामधला रबरी भाता बघा. दार हजारो वेळा उघडतं आणि त्यातल्या तारा तिथेच मोडतात. काचेचं बटण दाबून ठेवून दार हळू उघडा-मिटा. मध्येच काच हलली किंवा स्पीकर बोलला तर तार तुटलीय. डिकीच्या झाकणाच्या भात्यातही हेच होतं.

रेडिओ, नेव्हिगेशन, फोन, सगळंच एकदम मेलेलं असेल तर घाबरू नका, पण हलकंही घेऊ नका. २००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सिरीजपासून अनेक महागड्या गाड्यांत ही उपकरणं मोस्ट नावाच्या प्रकाशतंतूच्या कड्यात गुंफलेली असतात. संदेश एका उपकरणातून दुसऱ्यात असा गोल फिरतो, त्यामुळे एक मेलं की कडं तुटतं आणि सगळे गप्प. डिकीच्या अंधारात एखाद्याचा कपलर काढलात तर तंतूच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका दिसतो. ठिपका आहे म्हणजे आधीचं उपकरण जिवंत आहे. नसला तर दोष त्याच्या मागे. मेकॅनिक संशयित उपकरण वगळून छोटा जोड लावतात आणि बाकीचे बोलायला लागतात का बघतात. डिकीतला अॅम्प्लिफायर भिजून मेलेला हे याचं नेहमीचं कारण, म्हणजे पुन्हा पाणीच.

आता स्कॅनर

ओबीडीचं सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून आणि डिझेलला २००४ पासून सक्तीचं आहे. पण ती सक्ती प्रदूषणापुरती. म्हणून स्वस्त स्कॅनर इंजिनाचे पी कोड दाखवून थांबतो. आपल्याला बॉडीचे बी, चॅसिसचे सी आणि आपसातल्या संवादाचे यू कोडही हवेत. स्वतःकडे तसा स्कॅनर नसेल तर त्या कंपनीच्या गाड्या जाणणाऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनला तासाभरासाठी सोबत न्या. पूर्ण तपासणीतला सर्वांत चांगला खर्च हाच.

आधी सगळे कोड वाचून जतन करा, काहीही पुसू नका. मग तीन गोष्टी बघा. वीस-पंचवीस कोड एकाच किलोमीटरवर पडलेत का? तसं असेल तर ती एकच घटना आहे, बहुधा बॅटरी उतरली होती. सोबत नोंदलेलं व्होल्टेज बघितलं की खात्री पटते. दुसरं, यू कोड सगळे एकाच मॉड्यूलकडे बोट दाखवतात का? तो मेलाय किंवा त्याला वीज मिळत नाही. सगळेच सगळ्यांबद्दल तक्रार करत असतील तर मॉड्यूल ज्यावरून एकमेकांशी बोलतात ती, बॉशने १९८६ मध्ये आणलेली दोन तारांची कॅन बस कुठेतरी शॉर्ट किंवा तुटलेली आहे, आणि ते शोधायचं काम खरेदीच्या दिवशी उरकणारं नाही. तिसरं, प्रत्येक मॉड्यूलमधले किलोमीटर ताडून बघा. मीटर मागे फिरवणारा डॅशमधला आकडा बदलतो, गिअरबॉक्समधला विसरतो.

कोड अजिबात नसणं हीही खूण आहे. दहा वर्षांच्या गाडीत एकही जुना कोड नसेल तर ते कालच पुसले असण्याची शक्यता मोठी. कोड पुसल्यापासून किती किलोमीटर झाले आणि इंजिन किती वेळा तापलं, हे इंजिनाचा संगणक स्वतः मोजतो आणि साधा स्कॅनरही दाखवतो. तिथे ४ किलोमीटर दिसले की विकणाऱ्याला शांतपणे विचारा. कोड पुसले की इंजिनाच्या संगणकाच्या स्वतःच्या तपासण्याही नव्याने सुरू होतात; स्कॅनरच्या रेडिनेस या पानावर त्या अपूर्ण असतील तर तोच पुरावा दुसऱ्यांदा मिळाला.

मग विकणाऱ्याच्या संमतीने कोड पुसा, गाडी वीस-तीस किलोमीटर चालवा, खडबडीत रस्त्यावरूनही न्या आणि पुन्हा वाचा. परत आलेले कोड तेवढेच खरे.

आधीच्या हातांच्या खुणा

डॅशखाली टॉर्च मारा. कंपनीची वायरिंग कापडी टेपमध्ये नीट बांधलेली असते. चकचकीत काळ्या टेपच्या गाठी, पिळून जोडलेल्या तारा दिसल्या तर त्यांचा माग काढा. फ्यूजबॉक्समध्ये रंग ताडून बघा: १० अँपिअर लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. नकाशात १० लिहिलंय आणि जागेवर हिरवा बसलाय, म्हणजे कुणीतरी वारंवार उडणाऱ्या फ्यूजवर इलाज म्हणून तार जळायला मोकळी सोडली. रिकामी जागा दिसली तर तो फ्यूज कशाचा हे विचारा. कॉम्प्रेसरचा फ्यूज काढून गाडी विकायला आणणं ही जुनी युक्ती आहे.

पिवळे कपलर एअरबॅगचे असतात, त्यांना हात लावू नका. नारिंगी केबल हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या जिवावर बेतणाऱ्या व्होल्टेजच्या. त्या प्रशिक्षित माणसासाठीच.

काही दुखणी मॉडेलच्या नावावरच लिहिलेली असतात. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या मर्सिडीज गाड्यांत इंजिनाच्या वायरिंगवरचं आवरण बिस्किटासारखं तडकून गळतं. २००२ ते २००६ दरम्यानच्या डब्ल्यू२११ ई-क्लासमध्ये एसबीसी हा विजेवर चालणारा ब्रेक होता. ब्रेक किती वेळा दाबला हे तो स्वतः मोजतो आणि मर्यादा ओलांडली की पंप बदलायला सांगतो. डब्ल्यू२०४ सी-क्लासमध्ये स्टीअरिंगचं इलेक्ट्रॉनिक लॉक मरतं आणि चावी घालूनही गाडी ढिम्म राहते. जाण्याआधी तुमच्या मॉडेलची अशी यादी करा.

आणि ‘जुन्या बाजारातून मॉड्यूल आणून टाका’ हा सल्ला ऐकून खर्चाचा हिशेब मांडू नका. ऑडीच्या बऱ्याच मॉड्यूलना कॉम्पोनंट प्रोटेक्शन असतं, दुसऱ्या गाडीतला भाग बसवला तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडून मान्यता घेईपर्यंत तो नीट काम करत नाही. मर्सिडीजमध्ये चोरीशी संबंधित भागांचं असंच आहे.

शेवटची मोजणी: झोपलेली गाडी

गाडी बंद करून कुलूप लावलं की संगणक एकेक करून झोपतात. याला वीस मिनिटांपासून तासभर लागतो. बॅटरी असेल तिथलं झाकण, बॉनेट किंवा डिकी, उघडं ठेवून त्याची कडी स्क्रूड्रायव्हरने मिटवा, म्हणजे गाडीला ते बंद वाटेल. गाडी लॉक करा, चावी दूर नेऊन ठेवा आणि क्लॅम्प मीटर ऋण केबलभोवती लावा. आकडा पायऱ्यापायऱ्यांनी उतरताना दिसतो: आधी काही अँपिअर, मग एक, मग अर्धा, आणि शेवटी ०.०५ च्या खाली. तो ०.४ वर अडकला तर दिवसाला जवळपास १० अँपिअर-तास गळतात, म्हणजे ८० ची भरलेली बॅटरी चार दिवसांत निम्मी.

कुठे गळतंय ते शोधताना फ्यूज उपटू नका, त्याने मॉड्यूल जागे होतात आणि पुन्हा तासभर थांबावं लागतं. फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे धातूचे ठिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्या दोघांवर टोकं टेकवा. झोपलेल्या गाडीत जिथे शून्याऐवजी काही दिसतं, त्या फ्यूजमधून करंट वाहतोय. नेहमीचे संशयित म्हणजे दाराच्या कुलपातला मायक्रोस्विच, ज्यामुळे गाडीला दार उघडंच वाटत राहतं, चिकटलेला रिले, ब्लोअरचा कंट्रोलर, आणि सर्वांत जास्त वेळा, मालकाने फोनवर सांगायचा राहून गेलेला ट्रॅकर.

क्लॅम्प मीटर नसेल तर एक रात्र लागते, आणि मोठी गळती तेवढी कळते. संध्याकाळी बॉनेट तसंच उघडं ठेवून गाडी लॉक करा, तासाभराने जंपच्या खांबांवर व्होल्टेज मोजा, विकणाऱ्यासमोर वहीत लिहा आणि गाडी कुणी उघडणार नाही असं ठरवून घ्या. सकाळी दार उघडण्याआधी पुन्हा मोजा. १२.६ चे १२.५ झाले असतील तर इसाराचं बोलायला बसा. १२.२ झाले असतील तर गळती सापडून दुरुस्त होईपर्यंत पैसे खिशातच ठेवा.